मोटर लाव, दार लाव

परभणी, ४ मार्च १९९१

परभणी जिल्ह्यातल्या वायरमन, रेडिओ दुरुस्तीवाले, मोटर वाइंडिंगवाले आणि स्टार्टरपाशी ताटकळणाऱ्या माझ्या बंधूंनो, भगिनींनो! यंत्र आपल्या दारात आलं, पण त्याच्याशी बोलायची भाषा दुसऱ्याच्याच घरात राहिली. बटण दाबायचं आपण आणि बटणानं काय करायचं हे ठरवायचं कुणीतरी लांबच्यानं!

शिवा, घाबरू नकोस. हे पत्रच आहे, भाषण नव्हे. हात सवयीनं तिकडे वळला. पण वाक्यं खोडत नाही, कारण पाच वर्षांपूर्वी बन्सीधरच्या दुकानात स्टुलावर बसून तूच ही तक्रार केली होतीस. तेव्हा तू इथेच अभियंता होतास, मी कन्याशाळेत व्याकरण शिकवत होते आणि बन्सीधर जळालेल्या मोटरींच्या तारा गुंडाळत होता. आजही तो तेच करतो आणि मीही तेच. तू तेवढा बंगलोरला गेलास, आणि दोन वर्षांत तुझं एक कार्ड आलं नाही.

आता आलं. बन्सीधरच्या नावानं. ‘बोलीची पानं यापुढे कुणाला देऊ नयेत. कुणी नवे शब्द करू नयेत.’ खाली सही. ख्यालीखुशाली विचारायलासुद्धा जागा नव्हती का रे कार्डावर?

बन्सीधरनं ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाला, “अक्का, ह्यानं लेकरू आपल्या वट्यात घातलं. आपण न्हाऊमाखू घातलं, चालाया शिकविलं. आता म्हणायलाय, माघारी द्या. दत्तक दिल्यालं लेकरू माघारी मागत्यात व्हय?”

मी म्हटलं, मग पानं देणं चालू ठेव की.

“न्हाई. त्याचं हाय. त्यो न्हाई म्हणलाय, मंग न्हाई.”

त्या दिवसापासून पानांचा गठ्ठा फळीवर गेला आहे. लोक येतात, मागतात. बन्सीधर चहा पाजतो आणि रिकाम्या हातानं परत पाठवतो. सभेत दगड खाल्लेली बाई आहे मी. पण ती परत जाणारी पाठ मला बघवत नाही.

तुझं ते वाक्य मला अजून आठवतं. तळहाताएवढी ती सर्किटची पाटी, तिच्यावरची काळी चिप, आणि तू सांगत होतास की हिला हुकूम देताना आधी वस्तू सांगावी लागते आणि काम शेवटी. इंग्रजीत ‘कर’ आधी येतं, ‘काय’ मागून. मी म्हटलं, मराठीत क्रियापद शेवटीच असतं. तू उडी मारून उठलास. “अक्का, म्हणजे ह्या पाटीला मराठीच येते की!” आणि त्या दिवसापासून ती भाषा घडत गेली, तिचं नाव आपण ‘बोली’ ठेवलं. अक्षरं इंग्रजी, कारण कीबोर्ड तसा होता. शब्द मात्र आपले. ‘लाईट आली का? तीस दम. मोटर लाव.’ वीज आली की दाब स्थिर होईपर्यंत तीस सेकंद दम धर, मग मोटर सुरू कर. हे वाचायला कुठल्या पदवीची गरज होती? आणि ज्या चक्रमुद्रण यंत्रावर आपण नामांतराची पत्रकं काढली, त्याच यंत्रावर तू बोलीचं सगळं मूळ लिखाण छापलंस. एक ओळ लपवली नाहीस.

आता असं काय झालं, ते तूच सांग. तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

तुझी,
सत्याक्का


परभणी, २१ एप्रिल १९९१

शिवा,

तुझं उत्तर मिळालं. लहान आहे, पण उत्तर आहे. लिहितोस, ‘अक्का, यंत्र म्हणजे सभा नव्हे. सभेत शब्द चुकला तर टाळ्या कमी पडतात. इथे खळं बुडतं.’

वाक्य चांगलं आहे. मी ते सभेत चोरणार आहे.

पण शब्द चुकल्यानं काय होतं, हे मला यंत्राआधीपासून माहीत आहे. अठ्ठ्याहत्तरच्या त्या आठवड्यात नुसत्या एका नावासाठी घरं पेटली. तुझ्या आईनं आम्हाला कडब्याच्या कोठीत लपवलं आणि दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारत राहिली. तेव्हा तू शाळेत होतास, आम्हाला गुळाचा चहा आणून द्यायचास आणि सगळा सांडायचास. म्हणून शब्दांची जोखीम मला शिकवू नकोस, राजा. त्या जोखमीचं काय करायचं, यावर बोलू.

सोनपेठला काय झालं ते आता शांतपणे बघ. तुझ्या आप्पांच्या वरच्या टाकीतून खालच्या शेताला पाणी जातं आणि वाटेत खळं लागतं. भुजंग वायरमननं जीपच्या वायपरची मोटर लावून पाणी सोडायचा-अडवायचा व्हॉल तयार केला, तुझ्या पाटीला जोडला आणि बोलीत लिहिलं: ‘पाट भरला का? व्हॉल लाव.’ म्हणजे व्हॉल बंद कर. आपल्याकडे कुणीही असंच म्हणेल. दार लाव, खिडकी लाव, व्हॉल लाव. पण तुझ्या बोलीत ‘लाव’ म्हणजे वीज दे, एवढंच. वीज मिळाली की व्हॉल उघडायचा. पाट भरला आणि पाटीनं इमानदारीत व्हॉल उघडा ठेवला. टाकी रिकामी झाली, आणि सकाळी आप्पांची ज्वारी खळ्यात तरंगत होती.

आप्पा चारचौघांत म्हणाले, “माझ्याच पोराच्या यंत्रानं माझं खळं बुडविलं.” ते तुला लागलं. मला समजतं. पण मग तू भुजंगकडे बघून म्हणालास, “अडाण्यांच्या हातात भाषा दिली, हीच चूक झाली.” ते त्याला लागलं. तू बंगलोरची गाडी धरलीस. भुजंगनं पाटीला हात लावणं सोडलं, आणि आप्पांनी तुझं नाव घेणं.

भुजंगची मराठी चुकली नव्हती, शिवा. तुझीही नाही. आपण दिवा लावतो तेव्हा तो पेटतो आणि दार लावतो तेव्हा ते मिटतं. शब्द एकच. ही चूक जगात दुसऱ्या कुठल्या अभियंत्याच्या हातून झाली नसती, म्हणून मला ती जरा लाडकीच आहे.

बंगलोरला जोंधळ्याची भाकर मिळते का? तुझी आई विचारते. म्हणजे मी विचारते आहे.

सत्याक्का


परभणी, १६ जून १९९१

शिवा,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. हरकत नाही. न ऐकणाऱ्या लोकांपुढे बोलायची मला सवय आहे.

बाजाराच्या दिवशी अजूनही सगळे बन्सीधरच्या दुकानी जमतात. पानं देणं बंद आहे, बोलणं नाही. पिंगळीच्या कमलबाई आठवतात? विहिरीवर पाटी बसवायला नवऱ्याला त्यांनीच राजी केलं होतं. चिपमधलं जुनं लिखाण पुसायला तिला कडक ऊन द्यावं लागतं, हे तू सांगून गेलास. बाईंनी काय करावं? छपरावर कुरडया वाळत घातल्या आणि त्यांच्याच रांगेत चिपा मांडल्या. चिप भरून झाली की तिच्या काचेच्या खिडकीवर ऊन पडू नये म्हणून कपाळाची टिकली लावतात. आता जिल्ह्यातल्या निम्म्या पाट्या सवाष्ण दिसतात! बन्सीधर म्हणतो, “टिकली दिसली की समजायचं, भरल्याली हाय.”

तर या बाजारी ‘लाव’वरून वाद पेटला. बन्सीधरचं म्हणणं, शब्दच काढून टाकावा.

“चालू आन् बंद. दोनच शब्द. भानगड मिटली.”

कमलबाई उसळल्या. “मंग मी काय मोटर ‘चालू कर’ म्हणू? सायेब हाय का मी? मोटर लावत्यात.”

“मंग व्हॉलला ‘बंद कर’ म्हणा.”

“कामून? व्हॉल बी लावत्यात. मालकाला ‘दार लाव’ म्हणलं तर ते काय दाराला काडी लावीत न्हाईत!”

“त्यांचं काई सांगू नका, एकदा चुलीचं सांगितलं तर बंबच पेटविला व्हता त्यांनी!”

दुकान हसून हसून लोळायला लागलं. मी मात्र हसता हसता थांबले. वर्गात मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे की वाक्यात कर्म आधी येतं आणि क्रियापद त्याच्याकडे बघून आपला अर्थ ठरवतं. केस कापणं वेगळं, खिसा कापणं वेगळं. आपल्या बोलीत वस्तू आधीच येते. मग त्या वस्तूलाच का विचारू नये, बाई, तुझ्या लेखी ‘लाव’ म्हणजे काय? मोटर सांगेल चालू, व्हॉल सांगेल बंद.

बन्सीधरनं कान खाजवला. “बोलाया सोपं हाय, अक्का. करून बघावं लागंल.”

बघितलं. तुझ्या मूळ लिखाणाची पानं फळीवरून खाली काढली; वाचायची मनाई तू केली नव्हतीस, आणि शब्द नवा करायचा नव्हता, जुनाच दुरुस्त करायचा होता. पहिल्यांदा सगळे दिवे एकदम पेटले आणि कमलबाई म्हणाल्या, “दिवाळी लवकर आली.” दुसऱ्यांदा काहीच पेटलं नाही. मग बन्सीधरनं दुपारचं जेवण विसरून पान न् पान बोटाखालून घातलं, आणि परवा ‘दिवा लाव’ म्हटल्यावर दिवा पेटला, ‘व्हॉल लाव’ म्हटल्यावर व्हॉल मिटला. मी टाळ्या वाजवल्या. एरवी त्या घेणारी मी!

आणखी एक. तुझा राग अगदीच वाया गेलेला नाही. तू गेल्यापासून दुकानात दस्तुर पडला आहे: नवा शब्द आधी दिव्यावर, मगच मोटरवर. मोटर किंवा व्हॉलच्या जागी दिवा टांगायचा आणि पुढच्या बाजारापर्यंत बघत राहायचं. विझायच्या वेळी पेटला, तर शब्द कच्चा. शब्दाखाली करणाऱ्याचं नाव आणि गाव लिहायचं. चुकला तर कुणाला विचारायचं ते कळावं, आणि जमला तर कुणाची पाठ थोपटायची तेही. लोक आता ‘पोखर्णीचा दम’, ‘पिंगळीची टाकी’ असंच म्हणतात, जसं आपण गावरान आंब्यांना म्हणतो.

सुधारलेला ‘लाव’ मात्र दुकानाबाहेर गेलेला नाही. बन्सीधर देत नाही. तुझी, शिवाप्पाची, परवानगी पाहिजे, म्हणतो.

सत्याक्का


सोनपेठ, ११ ऑगस्ट १९९१

शिवा,

हे पत्र तुझ्याच घराच्या ओसरीवरून लिहिते आहे. आप्पांनी तुला काही कळवू नको असं बजावलं आहे. म्हणून काहीच कळवत नाही, फक्त घडलं ते लिहिते.

मी आणि बन्सीधर सकाळच्या एसटीनं आलो. तुझ्या आईनं पाय धुवायला पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “पोरगं लिहितंय का?” मी म्हटलं, कार्ड येतं. “कुणाच्या नावानं?” मी विषय बदलला. तुझ्या आईपुढे तो कधी बदलत नाही, हे तुला माहीत आहे.

आप्पा लिंबाखाली बसले होते. बन्सीधरनं पाटी पुढे ठेवली, एक दिवा आणि एक व्हॉल जोडला आणि करून दाखवलं. दिवा लाव. व्हॉल लाव. आप्पांनी पुन्हा करायला लावलं. मग कुणाला न सांगता उठले आणि काठी टेकत गल्लीत गेले. परत आले तेव्हा भुजंगचा दंड त्यांच्या हातात होता.

“ए भुजंग, खळं वाळून दोन वर्सं झाली. तुझं रडकं त्वांड कवा वाळायचं?”

भुजंग खाली बघून म्हणाला, “आप्पा, माझ्यामुळं तुमचं पोरगं गेलं.”

“पोरगं रुसून गेलंय. रुसल्यालं येतंय.” आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्येला म्हणावं, ज्वारीचं काय, वाळली, खाल्ली, पचली. त्यो अजून वलाच हाय.” त्यावर लगेच, “पर लिहू नको हे.”

लिहिलेलं नाही.

मग नावाची गोष्ट निघाली. सुधारलेल्या ‘लाव’खाली कुणाचं नाव टाकायचं? बन्सीधर म्हणाला, भुजंगचं. व्हॉलला ‘लाव’ म्हणणारा पहिला तोच. भुजंग दचकला. “नगं अक्का. लोकं हसतील. आधीच लय नावं ठेवायलेत मला.”

त्या क्षणी मला भाषण चढलं, खोटं बोलणार नाही. मी म्हटलं, भाऊ, आपल्यासारख्यांना लोकांनी पिढ्यान्पिढ्या नावं ठेवली. कशाला नाव ठेवायचा हक्क मात्र दिला नाही. एका विद्यापीठाच्या पाटीवरच्या नावासाठी आम्ही बारा-तेरा वर्षं रस्त्यावर आहोत, कारण ज्याला नाव ठेवता येतं, तो त्या जागेचा पाहुणा राहत नाही. तुझ्या एका शब्दावर तुझं नाव असणं, हे त्याच लढाईचं एक चिमुकलं पान आहे.

तुझी आई म्हणाली, “भाकरी थंड व्हायल्यात.” सभा तिथेच संपली.

पण भुजंगनं नाव लिहू दिलं. ‘लाव: भुजंग, सोनपेठ.’ ते तुझ्या पानांच्या शेवटी आहे. छापलेलं नाही, पेन्सिलनं.

जेवून उठल्यावर आप्पांनी बन्सीधरला विचारलं, “ही माझ्या टाकीला बसवशील का?” बन्सीधर म्हणाला, “शिवाप्पानं हो म्हणल्यावर.” आप्पांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काठी आपटत आत गेले.

सत्याक्का


परभणी, २७ ऑक्टोबर १९९१

माझ्या शिवा,

तुझं लांब पत्र मिळालं. अखेर तू तुझ्या अक्षरात बोललास.

बंगलोरची कंपनी बोली विकत घेणार. चिपा बंद करून येतील, आतलं कुणाला वाचता येणार नाही, बदलता येणार नाही. दिवाळीनंतर तू सही करणार. आम्हाला तयार पाट्या फुकट पाठवशील. ‘तुमच्या सगळ्यांच्या भल्यासाठी, अक्का. पुन्हा कुणाचं खळं बुडायला नको. प्रत्येकाच्या चुकीला एकट्यानं उत्तर देऊन मी थकलो.’

हे शेवटचं वाक्य मी बन्सीधरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “एकट्यानं कुणी सांगितलं व्हतं? आमी काय मेलो व्हतो?” मग तोंड फिरवून बराच वेळ एक स्क्रू घट्ट करत राहिला. तो आधीच घट्ट होता.

शिवा, थकलास हे मला पटतं. एकट्यानं भाषा सांभाळणारा माणूस थकणारच. ते एका माणसाचं काम नाही. मराठी कुणी एकट्यानं सांभाळली? ती आपल्या आयांनी वाढवली, बाजारानं वाढवली, हैद्राबादच्या राजवटीतल्या शिपायांनी आणि कारकुनांनी तिच्यात ‘दम’ आणि ‘दस्तुर’ सोडले. तिच्यात चुका झाल्या, त्यांच्या म्हणी झाल्या. कुणी तिला डबीत बंद करून ‘पुढं आता एकही शब्द नाही’ म्हटलं असतं, तर आपण आज काय बोललो असतो? बंद चिपेत ‘लाव’चा घोटाळा झाला असता ना, तर तो कुणालाच दिसला नसता आणि कुणालाच निस्तरता आला नसता. तो भुजंगच्या हातून घडला, कमलबाईंच्या टोमण्यातून कळला आणि बन्सीधरच्या बोटांनी सुटला, कारण तू पानं उघडी ठेवली होतीस. जिचा तुला पश्चात्ताप होतो आहे, तीच तुझी सगळ्यात शहाणी गोष्ट आहे.

फुकटच्या पाट्या नकोत आम्हाला. दान घेऊन जगायचं नाही, असं ठरवून बसलेली माणसं आहोत आम्ही.

आता बातमी. बिदरहून एका रेडिओ मेकॅनिकचं पत्र आलं आहे. त्याचा मावसभाऊ उदगीरला, त्याच्याकडे त्यानं बोली पाहिली. विचारतो, शब्द कन्नडात केले तर चालेल का? कन्नडातही क्रियापद शेवटीच येतं म्हणतो. मी ते पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. तिचं माहेर तिकडचं. ती पदर तोंडाला लावून हसली. “म्हणजे माझ्या भाषेतबी मोटर चालंल? मंग शिवा लहानपणी कन्नड बोलाया लाजायचा, ते कशापायी?” तुझी भाषा तुझ्या आईपर्यंत पोचायला निघाली आहे, रे. आणि बन्सीधरनं त्या माणसाला काय उत्तर लिहिलं? ‘मालक बंगलोरला आहेत. त्यांची परवानगी नाही.’

तुझ्यापाठीमागे आम्ही काही करणार नाही. उद्या कुणी कोर्टात ओढलं तर भांडायला मी समर्थ आहे. पण तुझ्याविरुद्ध भांडायला माझ्याकडे तोंड नाही. अख्ख्या जिल्ह्यात बोली अडली आहे ती फक्त आमच्या तुझ्यावरच्या मायेपायी. हे ओझं तू समज.

नवी आवृत्ती तयार आहे. छापायला मी स्टेन्सिल कापली आहे, नव्या ‘लाव’सकट. पहिली ओळ कोरी ठेवली आहे. ती मी लिहू शकत नाही, बन्सीधर लिहू शकत नाही. भाषा ज्यानं घडवली त्यानंच तिला दारापर्यंत सोडायला यावं. ओळ एवढीच हवी: ‘बोली कुणीही वापरावी, उतरवावी, बदलावी, पुढे द्यावी, बदलणाऱ्यानं आपलं नाव-गाव लिहावं.’ तुला याहून चांगलं वाक्य सुचलं तर ते लिही. मी व्याकरण तपासणार नाही.

कंपनीला काय सांगायचं ते नंतर ठरव. घरी कधी यायचं तेही. आप्पांना काय बोलायचं याचा आज विचारच करू नकोस. आज एकच काम आहे. हे पत्र बाजूला ठेव, साधं कार्ड घे, त्यावर ती एक ओळ लिही, खाली पूर्ण नावानं सही कर, आणि आजच्या टपालात परभणीला टाक.

तुझी,
सत्याक्का